वेन्डेलची घाई

आमच्या बँडचा पहिला अल्बम विनिपेगच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. ड्रम वाजवताना वेन्डेल गाण्याच्या शेवटी हमखास घाई करायचा, म्हणून तो घरी गेल्यावर आम्ही दुसऱ्या ड्रमरकडून सगळी गाणी वाजवून घेतली. वेन्डेलला सांगायची हिंमत मात्र आमच्यातल्या एकाचीही झाली नाही.

आज तबकडी हातात आली आणि वेन्डेलच्या आईने ती स्वयंपाकघरातच लावली. बारा वर्षं तळघरातला त्याचा धडधडाट सोसलेली बाई ती. डोळे मिटून ऐकत होती.

"अरे, शेवटी घाई करायची तुझी खोड गेली की रे!"

मी मान खाली घालून केक चिवडत राहिलो.



"ह्यांनीच मोडली, आई," माझ्या खांद्यावर हात ठेवत वेन्डेल म्हणाला. "मला कळूसुद्धा दिलं नाही."