चार भोकं, चार चिंध्या

गाडी चौथ्यांदा खोकली, थरथरली आणि बंद पडली. मास्तर स्टीअरिंग धरून तसेच बसून राहिले. काचेवर त्यांच्याच श्वासाचं धुकं धरलं होतं, त्यामुळे उघड्या बॉनेटशी उभा असलेला माणूस नीट दिसत नव्हता. ते बरंच होतं.

"तीनच सिलिंडर ओढतायत, सर," तो बाहेरून म्हणाला.

त्याला सगळे चिंधी म्हणत. चौकापलीकडे त्याचं गॅरेज होतं, पाटीवरही हेच नाव होतं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी तंत्रशाळेत तो मास्तरांच्या हाताखाली शिकला होता. त्याला मास्तरांनी बोलावलं नव्हतं. ते अंघोळीला गेल्याचं पाहून बायकोने फोन केला होता. उद्या सकाळी आठला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि "आपल्या गाडीतून नेईन, टॅक्सीबिक्सी काही नको" असं मास्तर पाच दिवस म्हणत होते. ते पाच दिवस त्यांनी शेडमध्ये काढले. इंजिनाचं डोकं उतरवलं, जळकं गॅसकेट बदललं, सगळं परत बसवलं. लोखंड इतकं गार, की पाना हाताला चावायचा.

मास्तर खाली उतरले. "प्लग बघितलास?"

"बघितला. ठिणगी आहे."

"वायर?"

"तीही ठीक आहे." चिंधी जरा घुटमळला. "सर, हवेच्या नळ्या खोलू का?"

"तिथे काय असणार? काल मी स्वतः बसवल्यात."

"हो सर. नुसतं बघतो."

मास्तरांची बायको चहा घेऊन आली. "घे रे बाबा, गरम आहे तोवर. पाच दिवस झाले, यांचा संसार गाडीशीच चाललाय. आणि तुझी गोष्ट अजून सांगतात हं! परवा जावयालाही सांगितली. इंजिनात चिंधी विसरलास, आणि यांनी ती तुझ्या गळ्यात बांधून दिवसभर बाकावर उभं केलं."

"आठवडाभर, काकू," चिंधी नट सोडवता सोडवता हसला. "पण फायदा झाला. जितकी भोकं तितक्या चिंध्या. घालताना मोजा, काढताना मोजा. माझे कारागीरसुद्धा घोकतात."

मास्तर हसले नाहीत. ते फळीवरच्या पत्र्याच्या डब्याकडे बघत होते. इंजिन उघडं असताना आत कचरा जाऊ नये म्हणून त्यांनीही प्रत्येक भोकात चिंधी कोंबली होती. निळ्या पट्ट्यांचा जुना पायजमा फाडून केलेल्या चार चिंध्या. काल काढून डब्यात टाकताना मोजल्याही होत्या. चार. आताही चारच होत्या. पण तीन चुरगळून गोळा झालेल्या, आणि चौथी लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी काळी. ती हात पुसायची होती.

म्हणजे एक चिंधी अजून आतच होती. आत्ता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी कप तोंडाला लावला.

नळ्या सुटल्या. चिंधी वाकला, तिसऱ्या भोकात त्याने दोन बोटं घातली आणि थांबला. मग त्याने मान न वळवता काहीतरी ओढून काढलं, ते मुठीत दाबलं आणि मूठ सरळ पँटच्या खिशात घातली.

"उंदीर!" तो मोठ्याने म्हणाला. "घर केलं होतं काकू, आत. थंडीत ऊब शोधत शिरतात बिचारे."

"तरी मी म्हणत होते!" बायको नवऱ्याकडे वळली. "शेडमध्ये रात्री खुडखुड होते म्हणून सांगितलं तर म्हणाले, तुला भास होतो. तुमची काही चूक नव्हती बघा. उगाच जिवाला लावून घेतलंत."

"अरे, ते..." मास्तरांनी सुरुवात केली.

"सर, बॅटरी लाइट जरा इकडे धरता?"

मास्तरांनी लाइट धरला. चिंधीने नळ्या परत बसवल्या. मग मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा कुरकुरलं आणि चारही सिलिंडर एका लयीत चालू लागले. बायकोने टाळीच वाजवली आणि उद्याची पिशवी भरायला आत गेली.

चिंधी बादलीतल्या गार पाण्यात हात धूत होता. त्याच्या खिशातून निळ्या पट्टीचं एक टोक डोकावत होतं.

"अरे चि..." मास्तरांनी हाक मारली आणि मध्येच थांबले. तो शब्द आज तोंडातून बाहेर येईना. दुसरा शोधायला ते मागे मागे गेले. हजेरी क्रमांक एकोणीस. खिडकीशेजारचा बाक. डावखुरा होता, कानस उलटी धरायचा. सगळं आठवलं. नाव आठवलं नाही.

"तुझं नाव काय रे?"

"माझं?" त्याने चमकून पाहिलं. "चिंधी, सर."

"ते नाही. हजेरीपटावरचं."

इंजिन चालू होतं. चिंधीने ओले हात पँटला पुसले आणि तो हसला, मघाशी काकूंपुढे हसला होता तसाच.

"राहू द्या हो सर आता," तो म्हणाला. "गॅरेजची पाटी पुन्हा रंगवावी लागेल."

आणि खिशातून डोकावणारं ते टोक त्याने अंगठ्याने आत ढकललं.