शनीच्या वाटेवरचा अबोला

यानातल्या कॅमेऱ्याने पाठवलेला फोटो रेवती बराच वेळ बघत राहिली. आई-बाबा एकमेकांना अगदी बिलगून तरंगत होते.

"म्हणजे शेवटी बोलले असतील ना ते?" तिने विचारलं.

चौकशी अधिकारी शिरोडकरांनी फोटोवर बोट ठेवलं. "नीट बघा. दोघांच्या मध्ये कप अडकलाय, चप्पल अडकलीय."

"मग?"

"प्रत्येक वस्तू दुसरीला ओढतच असते. या टेबलावरचे दोन कपसुद्धा. पण ती ओढ इतकी क्षीण, की नुसतं घर्षण तिला अडवतं, आणि पृथ्वीच्या ओढीपुढे ती कळतच नाही. तिथे खाली पृथ्वी नव्हती. इंजिन बंद पडलेलं, हवा निघून गेलेली. दोघांनी खोलीच्या दोन टोकांना प्राण सोडला असता, तरी दोन दिवसांत असेच जवळ आले असते."

रेवतीने फोन उघडला. दोन महिने दोघांचा अबोला होता. लहानपणी जेवताना ती त्यांचे निरोप इकडून तिकडे करायची, तसेच आता पृथ्वीवरून करत होती. निरोप यायला सव्वा तास, जायला सव्वा तास.

आईचा शेवटचा निरोप तिने शिरोडकरांपुढे धरला: "मागे कुठेतरी बारीक फुसफुस ऐकू येतेय. बाबांना म्हणावं, बघा जरा."

"मी लगेच बाबांना कळवलं होतं," रेवती म्हणाली. "आई तेव्हा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होती."