सुमतीबाईंची दाढ

रोज देवापुढे दिवा लावताना सुमतीबाई संकल्प करत, "आज घरात कुणालाही कठोर शब्द बोलणार नाही." पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या झिजून फुटलेल्या दाढेवर ऑनलेचं झाकण चिकटवलं आणि गालावर बोटं ठेवून विचारलं, "काकू, राग गिळून दात आवळता का? तसं केलंत तर हेही फुटेल." शेजारी उभी असलेली त्यांची बेलपाड्याची, आगरी बोलणारी सून हेतल हसली. "राग आनि आमच्या आईंना? नाय वो डॉक्टर! लग्न झाल्यापासून मला एक वाकडा शब्द बोलल्या नाय." पहिल्या दिवसापासून कानाला खुपणारं ते 'नाय' ऐकलं आणि डॉक्टरांच्या बोटांखाली सुमतीबाईंचा जबडा घट्ट झाला. "बघा, आत्ता आवळलेत!" डॉक्टर म्हणाले. हेतलनं घाबरून सासूचा हात धरला. "दुखतंय काय, आई?" सुमतीबाईंनी नुसतीच नकारार्थी मान हलवली. तिच्यासमोर साधं 'नाही' म्हणायचीसुद्धा त्यांना लाज वाटली.