चिमाचा अंगठा

सरका जरा जवळ. बुवांचा आवाज बसलाय, ते आल्याचा काढा घेतायत. टाळ हातात येईपर्यंत एक गोष्ट ऐकून घ्या. देवाच्या दारातच घडलेली आहे, म्हणून कीर्तनाआधी सांगायला हरकत नाही.

रावजी त्या दिवशी चिमाच्या घराची चढण चढत होता, ही त्याची पाचवी खेप. मुंबईच्या गिरणीतला कापूस अजून छातीत होता. दर वीस पावलांवर थांबावं लागे. संमतीच्या मुदतीला चार दिवस उरले होते.

देवरूखच्या वर डोंगरात त्याची वाडी; मागं-पुढं कोणी नसलेला तो गिरणी सोडून तिथं परतला होता. निम्मी घरं बायकांच्या भरवशावर, पुरुष मुंबईला. वाडीखालून पऱ्या बारमाही वाहायचा, पण पाणी खाली आणि शेतं वर. त्या साली सरकारनं ठरवलं की जिल्ह्यात एका वाडीला नमुना म्हणून पैसा द्यायचा. पऱ्याला वरच्या अंगाला बांध, बांधापासून पाट, आणि पाटाखाली सुधारलेल्या बियाण्याचं वायंगणी भात. उन्हाळ्यातही पीक आलं तर माणसं गावात टिकतील, असा हिशेब. अट एकच. पाटाखाली येणाऱ्या प्रत्येक खातेदाराची संमती हवी. एक अंगठा कमी पडला तर पैसा दुसऱ्या तालुक्याला.

रत्नागिरीच्या कचेरीत सात खेपा घालून रावजीनं एवढं पदरात पाडून घेतलं होतं. एकतीस अंगठे झाले होते. बत्तिसावा चिमाचा.

चिमा शिवाची विधवा. बापामागं त्याची जमीन तिच्या नावावर झाली, म्हणून ती माहेरीच राहायची. देवळात या योजनेची सभा झाली तेव्हा ती देवरूखला मामाकडे होती. पण वाडीत तेव्हा दुसरा विषयच नव्हता. तिला कळल्यावाचून कसं राहील?

पहिल्या खेपेला रावजीनं दारातूनच विचारलं होतं, "चिमा, पाटाचं मनावर घेशील काय?"

"दादा, काय बोलताय ते बघून बोला," असं म्हणून तिनं दार लावलं होतं. बापाची जमीन, राग यायचाच, असं म्हणून तो परतला. दुसऱ्या खेपेला तिनं दार उघडं ठेवलं. तिसऱ्या खेपेला पाणी दिलं. चौथ्या खेपेपासून तिनं दादा म्हणायचं सोडलं. राग अजून गेला नाही, असं रावजीला वाटलं.

आज ती अंगणात कुळीथ झोडपत होती.

"दमलात," ती म्हणाली. "बसा."

"आता बसायला वेळ नाय, चिमा. सगळी वाडी मलाच विचारते, तिचं काय ठरलं म्हणून."

"वाडीला ठाऊक आहे?"

"ठाऊक? देवाला रोज नवस बोलतात."

चिमानं काठी खाली ठेवली. "मी माझं घर सोडायची नाय."

"घर कोण सोड म्हणतंय?"

"बाबांनी लावलेला फणस?"

"त्याच्या पानाला धक्का लागणार नाय. माझा शब्द."

"आणि उद्या उपाशी ठेवलंत तर?"

रावजी हसला, मग खोकला. "अगं, पाटानं कोण उपाशी मरतं? तुझं, माझं, दोघांचं पोट भरेल. मी काय माझ्या एकट्यासाठी पाय झिजवतोय?"

तिनं झोडपलेले कुळीथ सुपात ओढले. "देवीला कौल लावला होता," ती हळूच म्हणाली. "उजवा दिला."

"मग झालं तर. सोमवारी ओव्हरसियर येईल देवळात. कागदावर अंगठा दे, म्हणजे सुटलो."

"कागद? मुंबईकडं कागद करतात वाटतं."

"सरकारी काम. कागद हवाच."

"मामाला बोलावते. आपलं म्हणून एक माणूस हवं."

"बोलाव. साक्षीदार लागतोच."

उतरताना रावजी एकदाही थांबला नाही.

सोमवारी सगळी वाडी देवळात. सरकारी माणूस येणार म्हणून जो तो धुतलेलं नेसून आलेला. चिमा नवं लुगडं नेसून आली, मागून मामा नारळ घेऊन. रावजी खांबाला टेकून उभा होता. सात खेपा कचेरीच्या, पाच चिमाच्या.

ओव्हरसियरनं कागद पसरला. मामानं साक्षीच्या जागी अंगठा उमटवला. सरकारी कागदात बाईच्या नावापुढं 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव घालतात, तसं ओव्हरसियरनं मोठ्यानं वाचलं, "चिमा कोम शिवा. बरोबर?"

चिमानं मान हलवली. "शिवाचं नाव आता नको."

"मग काय लिहू? कोम कोण?"

तिनं पदर पुढे ओढला.

"आज पाट लागायचा, आणि त्यांचं नाव मीच घेऊ?" ती म्हणाली. "ते काय खांबाला टेकलेत. त्यांनाच विचारा, साहेब."

ओव्हरसियर वळला. एकतीस अंगठ्यांखाली एक जागा कोरी होती. रावजीनं ती बघितली, मग चिमाकडे बघितलं. विधवेच्या दुसऱ्या लग्नालाही पाटच म्हणतात, हे त्याला आत्ता आठवलं. खांब सोडून तो सरळ उभा राहिला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं.

उठा आता, बुवा उभे राहिले. प्रसादाला आज त्याच वाडीच्या वायंगणी तांदळाची खीर आहे. तोंडात घास घ्याल तेव्हा चिमा कोम रावजी हिची तेवढी आठवण ठेवा.