प्रश्न विचारायचा नाही

“आणि आता शेवटचा नियम. सगळ्यात महत्त्वाचा,” असम्प्टा म्हणाली आणि तिने हातातलं नियमांचं कार्ड उंच धरलं. “कोल्मनला प्रश्न विचारायचा नाही. कधीच नाही.”

हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये बसलेल्या अकरा दुकानदारांनी माना डोलावल्या. कोल्मन पुढे, आईशेजारच्या खुर्चीत बसला होता. वय एकोणतीस, अंगात आईने इस्त्री केलेला शर्ट. ऑटिझम असलेल्या गिऱ्हाइकांशी कसं वागावं हे असम्प्टा गावातल्या धंदेवाल्यांना शिकवायची, आणि नमुना म्हणून मुलाला शेजारी बसवायची. हा तिचा सतरावा वर्ग होता.

तिचं काम वाईट होतं असं कोण म्हणेल? तिच्यामुळे औषधाच्या दुकानातला रेडिओ मंगळवारी बंद असायचा. लुकलुकणारे दिवे बदलले गेले. गावातल्या बहुतेक दारांवर ‘इथे ऑटिझमची जाण आहे’ असा निळा स्टिकर लागला. फक्त एक गडबड झाली. गाव जो माणूस शिकलं तो एकच होता: अकरा वर्षांचा कोल्मन. कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरमागे त्याचं कार्ड चिकटवलेलं होतं. ‘हॅम रोल. लोणी नको. मधे कापून.’ तो आत शिरला की मुलगी गोड हसायची आणि काही न विचारता हॅम रोल हातात ठेवायची. अठरा वर्षं! हॅमचा त्याला आता वीट आला होता. शेजारी गरम चिकन रोल भरले जात, तेव्हा तो वास घेत उभा राहायचा आणि हॅम घेऊन घरी यायचा.

सांगणार कसं? विचारलेल्या कुठल्याही गोष्टीचं उत्तर तो लगेच आणि नेमकं देई. आपणहून सुरुवात करणं मात्र त्याला जमत नसे. शब्द दाराशी येऊन उभे राहत, पण दार बाहेरूनच उघडावं लागे. आणि या गावात ते दार कुणी वाजवतच नव्हतं. घरीसुद्धा आई विचारत नसे, सांगत असे. इतक्या मायेने कोंडलेल्या माणसाने ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

त्याच्या खिशात नऊ दिवसांपासून एक पत्र होतं. कॉर्क शहरातल्या ग्रंथालयात जुने नकाशे क्रमाने लावायची नोकरी. अर्ज त्याने बिनचूक भरला होता, कारण अर्जात सगळे प्रश्नच असतात. होकार कळवायची मुदत आज पाचपर्यंत. आईला न सांगता कळवणं म्हणजे लबाडी, आणि लबाडी त्याला येत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

“हा अकरा वर्षांचा असताना भर दुकानात एकाने याला प्रश्न विचारला,” असम्प्टा सांगत होती. “साधासाच. त्यानंतर तीन दिवस हा अंथरुणातून उठला नाही.”

मागच्या रांगेतला म्हातारा मॅलकी खाटीक आपल्या बुटांकडे बघू लागला. तो प्रश्न त्याचा होता. प्रत्येक वर्गाला तो येऊन बसायचा आणि मूग गिळून घरी जायचा.

तेवढ्यात दार उघडलं. पार्लरवाली जुसारा धापा टाकत आत आली. ब्राझीलहून इथे मांसाच्या कारखान्यात कामाला आलेली ही बाई, आता तिचं स्वतःचं पार्लर होतं. “सॉरी हं, एकीच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता. तसंच सोडून येते की काय!” तिने चहाचा कप उचलला आणि कोल्मनसमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली. नियम तिने ऐकलेच नव्हते.

“तुझ्याबद्दलच चाललंय ना हे सगळं? मग तूच सांग की. तुला काय हवंय?”

असम्प्टाने कार्ड पुन्हा उंच धरलं.

“मला कॉर्कला जायचंय,” कोल्मन म्हणाला. “ग्रंथालयात नोकरी मिळालीय. रविवारी निघायला हवं. आज पाचपर्यंत होकार कळवायचाय. आणि मला चिकन रोल हवा.”

असम्प्टा गोरीमोरी झाली. “बघा, हेच होतं! घाबरून काहीबाही बोलतोय तो. जुसारा, तू उशिरा आलीस, तुझी चूक नाही गं. पण मागच्या वेळी पोर तीन दिवस उठलं नव्हतं.”

जुसाराने तिच्याकडे पाहिलं, मग कोल्मनकडे वळली. “खरं का रे?”

“नाही,” कोल्मन म्हणाला. “मॅलकीने विचारलं, बाबा कसे आहेत? मी सांगितलं, आई सांगते तसे ते इंग्लंडला कामाला गेलेले नाहीत. मंगळवारपासून अ‍ॅथलोनला डेलियाबाईंच्या घरी राहतात. दुकानात सहा जण होते. मी घरी येऊन गृहपाठ केला. तीन दिवस उठली नाही ती आई. मी तिला ब्रेडला जॅम लावून देत होतो.”

मॅलकीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. असम्प्टाचा हात हळूहळू खाली आला. तिने ते कार्ड टेबलावर पालथं घातलं. मग ती मुलाकडे बघत राहिली. त्याच्या कानाजवळ चार पांढरे केस होते, ते तिला आत्ता दिसले. त्याला काही विचारायची तिला सवयच राहिली नव्हती.

“रविवारी,” ती म्हणाली, “तुझी बस किती वाजता आहे?”