पहिलं मरण

"सूर्यभानसारखा नट शतकातून एकदाच जन्मतो!" अकोल्यातल्या सत्कारात अध्यक्ष गरजले. मरतो मात्र तो दर सिनेमात.

टाळ्या संपल्यावर सूर्यभाननं स्टेजमागं वायर गुंडाळणाऱ्या सुगतला गाठलं. वीस वर्षांपूर्वी दोघंही शूटिंगवर लाइटमन होते.

"मढ्याचा तो पयला रोल तुले भेटला होता, सुगत. तू दिसला नाही, तं 'थो बाळापूरले गेला' अशी थाप मारली अन् मीच तिरडीवर झोपलो. तवापासून मले चैन नाही. माफ कर गड्या."

"मी जनरेटरमांगं लपलो होतो बे. माय शूटिंग पाहाले आली होती. तिच्यासमोर कसा मरू?"

सूर्यभानला हुंदका आवरेना.



"पाय उचल जरा. वायरवर उभा हायेस."