रुमालाची चौथी बाजू

"उसव," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

दामिनीनं वर बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासू थेट तिच्याशी बोलली तो हा पहिला शब्द. एरवी सगळं भिंतीला सांगून व्हायचं. कुणीतरी नळ बंद करा. कुणीतरी कुकर बघा. श्रीशैल दुकानात गेला की उदगीरच्या त्या घरात माणसं दोनच उरायची. त्यामुळं कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची वेळ येत नव्हती.

घर लिंगायताचं. दामिनी मुखेडची, मराठ्याची पोरगी. श्रीशैलनं आपल्या मनानं केलेली बायको.

लक्ष्मम्मांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्या डोळ्याला अंधुक दिसायचं. डॉक्टरनं सुई-दोरा बंद केला होता. आणि उद्या मठातले अय्या घरी पाद्यपूजेला येणार होते. चौरंगावर अंथरायच्या पांढऱ्या रुमालाला तीन बाजूंनी क्रोशाची शिंपल्यांची किनार झाली होती. चौथी बाजू मोकळी. सकाळी त्या भिंतीला म्हणाल्या होत्या, "कुणाला क्रोशा येतो का म्हणावं."

दामिनी हो म्हणाली होती. येत नव्हता. दुपारपर्यंत मोबाईलवर बघून शिकली. उद्याच्या पूजेत तिनं पुढं यायचं का आतच थांबायचं, हे अजून कुणी बोललं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

"का उसवू? एका घरात पाच खांबाचे टाके घातलेत. मोजून."

"मोजले असशील. उलटं हाय."

लक्ष्मम्मांनी तिचं बोट धरून आपल्या शिंपल्यावरून फिरवलं, मग तिच्या शिंपल्यावरून. एक फुगीर लागला. दुसरा सपाट.

मग दामिनीच्या ध्यानात आलं. सासू डावखुरी. तिचा दोरा डावीकडून उजवीकडं चाललेला. उजव्या हातानं पुढं न्यायचा म्हणून दामिनीनं रुमालच पालथा धरला होता. शिंपलेही पालथे पडले.

"मग दोरा तोडते," ती म्हणाली. "त्या टोकाकडून चालू केलं की माझ्या हातानं सुलटं येईल."

"ब्याडा." राग आला की लक्ष्मम्मा कानडीत शिरायच्या. "नको म्हणलं ना. अय्याच्या रुमालाला गाठ चालत न्हाई. सगळ्या किनारीला एकच दोरा. माझ्या सासूपासून हाय ते."

"मग करू कसं?"

"मला काय इचारतीस? त्या मोबाईलला इचार."

दामिनीनं खरंच बघितलं. मोबाईलमधल्या सगळ्या बाया उजव्या हाताच्या. तिनं तो बाजूला ठेवला. आपण घातलेले दोन्ही शिंपले उसवले. मग सुई डाव्या हातात घेतली आणि दोरा उजव्या बोटावर गुंडाळला.

काळा चष्मा तिच्याकडं वळला.

"डाव्या हातानं? पूजेचं काम? तुमच्याकडं चालतंय का?"

"तुमच्याकडं तर पूजेला लिंगच डाव्या हातावर घेतेत."

लक्ष्मम्मांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडं गेला. मग त्या पुढं सरकल्या आणि दामिनीच्या डाव्या मनगटाला धरलं. धरलं म्हणजे चांगलं घट्ट.

"सुईवर दोरा घे. घरात घाल. ओढ. लई न्हाई ओढायचं. ओंदु." खांब झाला. "परत त्याच घरात. एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु. आता दोन घरं सोड. मुका खांब, नुसता अडकवायचा."

पहिला शिंपला कुणी पाय दिल्यासारखा आला.

"उसव."

दुसराही उसवला. तिसऱ्यावरून लक्ष्मम्मांनी बोट फिरवलं, परत फिरवलं आणि उसव म्हणाल्या नाहीत. दामिनी पुढं गेली. मनगट सुटलं होतं. जीभ दातात धरून ती हळूहळू कानडीतच मोजत होती. ओंदु, एरडु. मूरुच्या पुढं अडकली.

"नाल्कु," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

"हाव. नाल्कु."

ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं. निम्मी बाजू झाली. लक्ष्मम्मांनी रुमाल मांडीवर ओढून कोपऱ्यापासून चाचपला.

"वाकडं आलंय."

"उसवू?"

"कवर उसवतीस? अंथरताना ही बाजू भिंतीकडं कर."

दामिनीची सुई थांबली.

"मी अंथरू?"

"मग? मला दिसतंय का?"

दामिनीनं पुढचा खांब घातला. तो सैल आला, तिनं स्वतःच उसवला.

"अय्याचं ध्यान लई बारीक," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "भिंतीकडं केली तरी बघतेत. ही बाजू कुणी केली म्हणून इचारतेत बघ."

"सांगा की. कुणीतरी केली."

लक्ष्मम्मांचं बोट किनारीवर होतं, तिथंच राहिलं. दामिनीनं मान वर केली नाही. दोऱ्याचा गुंडा घरंगळून पलंगाखाली गेला, तो कुणी काढला नाही.

बाहेर गाडी बंद झाली. श्रीशैल आत आला, चपला काढल्या, दोघींना शेजारी शेजारी बसलेलं बघून दारातच थांबला. मग नेहमीसारखं म्हणाला, "अव्वा, चहा झाला का?"

लक्ष्मम्मांनी काळा चष्मा भिंतीकडं वळवला.

"कुणीतरी चहा ठिवा."

श्रीशैलनं दामिनीकडं बघितलं. दामिनीची सुई घरात होती. ती उठली नाही. त्यानं आईकडं बघितलं. आईचं बोट पुढच्या खांबाची वाट बघत होतं.

थोड्या वेळानं आतून लायटरचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग श्रीशैलनं विचारलं, "साखर कुठं ठिवलीय?"

"ऐदु," दामिनी म्हणाली.